आधाराचीही मात्रा असते

आपल्याकडे कुणी दवाखान्यात दाखल झालं, की भेटायला जायचा रिवाजच आहे. हातात शहाळं आणि तोंडी ठरलेला प्रश्न : 'कसं काय झालं हो हे?' दिवसातून दहादा तीच हकीगत सांगून आजारी माणूस दमून जातो. वैद्यकीय समाजसेविका म्हणून वॉर्डात वावरताना मी एक गोष्ट वारंवार पाहिली. माणसांच्या गराड्यातला रुग्णही एकटा असू शकतो.

रुग्णालयातला ताण नुसत्या दुखण्याचा नसतो. परकी जागा, रात्रीचा उजेड, न समजणाऱ्या तपासण्या, बुडणारा रोज, घरी राहिलेली मुलं... हे सारं उशाशी बसलेलं असतं. ताणाच्या काळात शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. ताण लांबला, तर प्रतिकारशक्ती मंदावते, जखम भरायलाही वेळ लागू शकतो.

इथे माणसाचा आधार कामी येतो. कुलिक आणि माहलर या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये बायपास शस्त्रक्रिया झालेल्या ५६ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या पत्नी जास्त वेळा भेटायला येत, त्यांना वेदनाशामकं कमी लागली आणि ते लवकर सावरले. त्याआधी १९८७ मध्ये त्यांना आणखी एक गोष्ट आढळली होती. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांच्या खोलीत शस्त्रक्रिया होऊन गेलेला रुग्ण होता, ते कमी घाबरले आणि लवकर घरी गेले. म्हणजे शेजारच्या कॉटवरचा अनोळखी माणूसही आधार होतो.

पण आधार म्हणजे नेमकं काय? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जेम्स हाउस यांनी १९८१ मध्ये त्याचे चार प्रकार सांगितले : मायेचा धीर, प्रत्यक्ष मदत, उपयोगी माहिती आणि 'तुमचं बरोबर चाललंय' ही पावती. गफलत होते ती इथेच. ज्याला औषधं आणून देणारं कुणी हवं आहे, त्याला आपण उपदेश देतो. ज्याला नुसतं जवळ कुणी बसायला हवं, त्याला आपण पाच डॉक्टरांची नावं सुचवतो.

म्हणून भेटायला जाण्याआधी घरच्यांना विचारावं, 'मी काय करू?' कदाचित एक रात्र सोबतीला झोपणं, मुलांना शाळेत सोडणं किंवा केसपेपरच्या रांगेत उभं राहणं, हीच खरी भेट ठरेल. आणि निघताना शेजारच्या कॉटकडेही पाहावं. तिथल्या आजींना दिवसभरात कुणीच भेटायला आलेलं नसेल. 'पाणी देऊ का?' एवढं विचारायला ओळख लागत नाही.