तरुणांची नवी ख्रिस्ती उपासना : निरीक्षकाने काय पाहावे?

धर्मजीवनाच्या अभ्यासकास नव्या पद्धतीच्या ख्रिस्ती उपासनेस प्रथमच उपस्थित राहण्याचा प्रसंग येतो, तेव्हा त्याची दृष्टी साहजिकच अपरिचित गोष्टींवर खिळते. वेदीच्या जागी रंगमंच, ऑर्गनच्या जागी गिटार व ड्रम, गीतपुस्तकाऐवजी पडद्यावर उमटणाऱ्या ओळी, मंद केलेले दिवे आणि बहुतांशी विशी-पंचविशीतील समुदाय हे सर्व पाहून ‘ही उपासना नव्हे, जलसा होय’ असे म्हणण्याचा मोह त्यास होतो. हा निष्कर्ष बरोबर असो वा चूक, तो फार लवकर काढलेला असतो, एवढे मात्र निश्चित.

ह्या पद्धतीच्या उगमांपैकी एक प्रमुख उगम दक्षिण कॅलिफोर्नियात आहे. कोस्टा मेसा येथील कॅल्व्हरी चॅपल ह्या लहानशा मंडळीचे पाळकपद चक स्मिथ यांनी १९६५ साली स्वीकारले. पुढे दोन-तीन वर्षांतच, प्रचलित समाजाकडे पाठ फिरविलेले ‘हिप्पी’ तरुण तेथे येऊ लागले. ह्या तरुणांस त्यांच्या वेषासह आणि त्यांच्या संगीतासह स्वीकारावे, असे स्मिथ यांनी ठरविले. ज्या चाली ते रस्त्यावर व समुद्रकिनारी गात होते, त्याच चालींवर आता भक्तिगीते रचली गेली. त्यांच्या प्रसारासाठी १९७१ साली ‘मॅरानाथा! म्युझिक’ ही संस्था निघाली. तात्पर्य, गिटार उपासनेत शिरली ती केवळ करमणुकीसाठी नव्हे. कोणास आत घ्यावयाचे, ह्या प्रश्नाचे ते एक उत्तर होते.

अशी उपासना वरकरणी मुक्त दिसते. परंतु तिलाही क्रम असतो. प्रारंभी वीस ते तीस मिनिटे अखंड गायन, नंतर प्रार्थना व दानार्पण, मग दीर्घ प्रवचन आणि अखेरीस पुन्हा गीत, असा तो साधारणतः आढळतो. गायनाच्या अंतर्गतही एक चढउतार असतो. कॅल्व्हरी चॅपलच्या परिवारातूनच पुढे आलेल्या व्हिनयार्ड मंडळींनी त्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत : आवाहन, सहभाग, गौरव, आराधना आणि शेवटी ईश्वराशी जवळीक. आरंभीची गीते द्रुत व ईश्वराविषयी बोलणारी, तर नंतरची संथ व प्रत्यक्ष ईश्वरास उद्देशून असतात. छापील उपासनाविधी येथे नाही, म्हणून विधीच नाही, असे समजणे ही निरीक्षकाची पहिली चूक ठरेल.

मग खरा प्रश्न कोणता? गातो कोण, हा. पडद्यामुळे हात मोकळे राहतात व माना वर होतात. सोपे ध्रुपद पुनःपुन्हा आल्याने नवखाही दोन आवर्तनांत गाऊ लागतो. ह्या गोष्टी सहभागास पोषक आहेत. उलट, गायनप्रमुखाची पट्टी सामान्य कंठास न झेपणारी असेल, दर आठवड्यास नवे गीत येत असेल आणि ध्वनिक्षेपकाच्या गजरात शेजाऱ्याचा स्वरही ऐकू येत नसेल, तर मंडळी हळूहळू श्रोतृवर्ग बनते. गीतांचे शब्द छापण्याची व पडद्यावर दाखविण्याची परवानगी एकत्रित देणारी यंत्रणा अमेरिकेत १९८८ साली सुरू झाली. तेव्हापासून एका मंडळीचे गीत दुसरीकडे नेणे अधिक सुकर झाले आहे. म्हणून निरीक्षकाने रंगमंचाकडे पाहण्यापूर्वी शेवटच्या रांगेतील ओठांकडे पाहावे.

मराठी वाचकास हा प्रश्न अगदीच नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरात ख्रिस्ती कीर्तने होऊ लागली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगादी देशी वळणांत शेकडो उपासनागीते रचली. पाश्चात्त्य चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांपेक्षा ही गीते मराठी कंठास सहज होती. कॅलिफोर्नियात व अहमदनगरात परिस्थिती सर्वस्वी भिन्न होती. परंतु उपासकाच्या ओळखीचा सूर उपासनेत आणल्यास तो स्वतः गाईल, हा विश्वास दोन्हीकडे समान दिसतो.

तथापि एक भेद विसरता येत नाही. कीर्तन सर्व वयांसाठी होते. तरुणांसाठी स्वतंत्र सभा भरविली, की त्यांस आपली भाषा मिळते. पण वृद्धांचा सहवास, जुनी स्तोत्रे आणि मृत्यू व दुःख यांविषयीचा संचित अनुभव त्यांच्यापासून दूर राहण्याचा संभव असतो. तरुण प्रौढ झाल्यावर जातो कोठे, ह्याचे उत्तर एका भेटीत मिळत नाही. त्यासाठी पुनःपुन्हा जावे लागते.

जाताना आपण अभ्यासासाठी आलो आहोत, हे पाळकास आधीच सांगावे. समुदाय उभा राहील तेव्हा उभे राहणे सभ्यतेचे आहे. हात उंचावणे वा विश्वासाचे शब्द उच्चारणे बंधनकारक नाही. प्रभुभोजनाच्या वेळी ते कोणास खुले आहे, हे ऐकून घ्यावे व शंका असल्यास शांतपणे बसून राहावे. टिपणे सभेनंतर करावीत. कारण निरीक्षकास जो केवळ अभ्यासविषय वाटतो, तो शेजारी बसलेल्या तरुणाच्या दृष्टीने त्याच्या आयुष्याचा आधार असू शकतो. ही जाणीव सुटली, तर टिपणे विपुल होतील. पण आकलन अपुरेच राहील.