बॉक्स टाइट करून पिकअप सरळ चालत नाही

वेंगुर्ल्याच्या बंदरावर मासळी भरताना असो की बागेत आंब्याच्या पेट्या चढवताना, एखादा चालक ‘गाडी रस्त्यावर भटकते’ म्हणाला की आजूबाजूचे चौघे एकच सल्ला देतात: ‘बॉक्स टाइट करून घे.’ पाच मिनिटांचं काम. स्टेअरिंग बॉक्सवरचा लॉक नट सैल करायचा, स्क्रू पाव फेरा आवळायचा, नट परत घट्ट. दहा-बारा वर्षं राबलेल्या पिकअपच्या बाबतीत हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि कधीकधी जिवावर बेतणारा. तरीही तो थांबत नाही.

आधी तक्रार नेमकी ओळखा. गाडी सतत एकाच बाजूला ओढत असेल तर हवा, ब्रेक धरून राहणं किंवा टायर तपासा. ठराविक वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग पाहा. भटकणं याहून वेगळं: स्टेअरिंग सरळ धरलेलं असताना गाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकते आणि चालकाला ती सारखी सावरावी लागते. वेंगुर्ल्याहून मोचेमाडमार्गे शिरोड्याला जाताना हे फारसं कळत नाही. वळणावर चाकं स्टेअरिंगला एका बाजूला रेटून धरतात, त्यामुळे सांध्यांतला प्ले झाकला जातो. तीच गाडी झाराप ते पत्रादेवी चौपदरी रस्त्यावर सरळ सोडली की दोष उघडा पडतो. ‘इथे नीट चालते, हायवेलाच काहीतरी होतं’ असं म्हणणाऱ्यांनी दोष हायवेला देऊ नये.

आता तो स्क्रू. स्टेअरिंग बॉक्समधले दात मध्यावर, म्हणजे चाकं सरळ असताना, मुद्दाम जरा घट्ट बसवलेले असतात. गाडी आयुष्यभर बहुतांश सरळच चालते, म्हणून झीजही मध्यावरच होते; कडेचे दात तुलनेने शाबूत राहतात. स्क्रू आवळून मधला प्ले घालवला की कडेचे न झिजलेले दात एकमेकांत अडकू लागतात. मग वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप मध्यावर येत नाही, चालकाला ते ओढून आणावं लागतं, जरा जास्त ओढलं की पुन्हा उलटं. म्हणजे गाडी भटकतेच, वर स्टेअरिंग जड. बॉक्स खरोखर सैल असेल तर त्याचा आर्म लिंकपासून सोडवून, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापानेच स्क्रू बसवायचा असतो. आणि हे काम सगळ्यात शेवटी करायचं, बाकीचे सांधे तपासून झाल्यावर.

ते तपासायला मशीन लागत नाही, दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू. एकाने स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवी हलवायचं, पूर्ण फिरवायचं नाही. दुसऱ्याने खाली जाऊन प्रत्येक सांध्यावर बोटं ठेवायची: स्टेअरिंगच्या दांड्याचा क्रॉस, बॉक्सचा आर्म, ड्रॅग लिंक, दोन्ही टाय रॉड एंड. एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला पुढचा भाग किंचित उशिरा हलतो, तिथे बोटाला ‘टक’ जाणवतं. तोच झिजलेला सांधा. चासीवर बॉक्स बसवणारे बोल्टही याच वेळी पाहा. अख्खा बॉक्स चासीवर डुलत असेल तर आतला स्क्रू आवळून काय मिळणार?

नंतर पुढचं चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड देऊन, वर-खाली धरून हलवा. खडखड लागली की दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खडखड थांबली तर व्हील बेअरिंग सैल आहे. तशीच राहिली तर किंग पिन किंवा बॉल जॉइंट गेलेला आहे.

मागचा भागही विसरू नका. पाट्यांच्या शॅकलचे बुश झिजले, यू बोल्ट सैल झाले किंवा सेंटर बोल्ट तुटला तर मागची धुरा तिरकी सरकते आणि गाडीला मागून वळवते. चिरे भरून मागचा भाग दबला की पुढची चाकं हलकी होतात, त्यात हे दुखणं आणखी वाढतं. मासळीच्या गाड्यांत मागची बाजूच आधी जाते, कारण बर्फाचं खारट पाणी फाळक्याच्या फटीतून थेट शॅकलवर गळतं.

‘फिटनेस झालंय, म्हणजे स्टेअरिंग ठीक आहे’ हाही असाच एक समज. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ स्टेअरिंगला ३० अंशांपर्यंतच मोकळा प्ले चालवून घेतो. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर हे कडेला सुमारे दहा सेंटिमीटर होतात! ही कायद्याची शेवटची हद्द आहे, चांगल्या गाडीचं माप नव्हे. त्याच नियमात सांध्यांवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना लॉक केलेल्या असाव्यात असंही म्हटलंय. टोपी फाटली की आपल्याकडच्या पावसात आतलं ग्रीस धुऊन जातं आणि लाल माती आत शिरते.

बाकीचे समज थोडक्यात. अलाइनमेंटने भटकणं जातं? सांधे सैल असतील तर मशीनवर आलेलं माप रस्त्यावर टिकत नाही. आधी सांधे, मग अलाइनमेंट. हवा जास्त भरली की गाडी सरळ चालते? उलट, टायर रस्त्याला कमी चिकटतो. पुढे एक नवा आणि एक झिजलेला टायर चालतो? नाही. जुनी गाडी भटकणारच? सांधे बदलले तर सहसा नाही.

सांधे बदलून झाल्यावर मेस्त्रींना एकच गोष्ट दाखवायला सांगा: प्रत्येक नटात नवी स्प्लिट पिन, किंवा तो नट लॉकिंगचा असेल तर नवा नट. जुनी पिन सरळ करून परत घातलेली दिसली तर गाडी गॅरेजबाहेर काढू नका.