टोल कापल्याचा मेसेज कुणाच्या मोबाईलवर येतो?



मागच्या महिन्यात आम्ही गटातल्या सातजणी मालाच्या प्रदर्शनासाठी जिल्ह्याच्या गावी निघालो होतो. जीप आमच्यातल्याच एकीच्या घरची. टोलनाका मागे पडतो न पडतो तोच तिच्या नवऱ्याचा फोन. "नाका ओलांडलात ना? आता तासाभरात पोचाल." त्यांना घरबसल्या कसं कळलं? टोलचे पैसे कापल्याचा मेसेज त्यांच्या मोबाईलवर गेला होता! आम्ही खूप हसलो. मागच्या बाकावरची एकजण मात्र हसली नाही. परतताना ती हळूच म्हणाली, "म्हणजे मला कधी वकिलाकडे जायचं झालं, तर घरच्या गाडीनं जायची सोय नाही."

तिच्या त्या बोलण्यावरून आजचा विषय सुचला.

आधी फास्टॅग म्हणजे काय ते पाहू. गाडीच्या पुढच्या काचेवर आतून चिकटवलेली ही पट्टी. तिच्यात बारीक चिप असते. नाक्यावरचं यंत्र ती वाचतं आणि जोडलेल्या खात्यातून पैसे कापले जातात. फेब्रुवारी 2021 पासून राष्ट्रीय महामार्गांवर चारचाकी आणि त्याहून मोठ्या गाड्यांना फास्टॅग सक्तीचा झाला. रांगा कमी झाल्या, सुट्ट्या पैशांची कटकट गेली. ही सोय खरीच आहे.

पण एक फरक पडला. एस.टी.चा कंडक्टर तिकीट देतो, पैसे घेतो, आपलं नाव काही वहीत लिहून ठेवत नाही. रोखीनं टोल देत होतो तेव्हाही तसंच होतं. आता मात्र कुठली गाडी, कुठला नाका, किती वाजता, याची नोंद गाडीमालकाच्या नावाशी आणि मोबाईल नंबराशी जोडलेली राहते.

ही नोंद फक्त नाक्यापुरती असते. मधल्या वाटेत गाडी कुठे वळली, हे फास्टॅग सांगत नाही. पुढची पायरी उपग्रहाची आहे. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारनं टोलच्या नियमांत बदल करून या पद्धतीला वाट करून दिली. गाडीत यंत्र बसवायचं, उपग्रहाच्या मदतीनं ते गाडीची जागा ओळखणार आणि महामार्गावर जितके किलोमीटर चाललात तितकेच पैसे. अशा यंत्राच्या गाडीला दिवसाला 20 किलोमीटरपर्यंत सूटही त्या नियमात आहे. एप्रिल 2025 मध्ये सरकारनं स्पष्ट केलं, की ही पद्धत देशभर लगेच लागू करण्याचा निर्णय झालेला नाही. निवडक नाक्यांवर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे आणि फास्टॅग एकत्र वापरायचं ठरलं.

जितकं चाललो तितकेच पैसे, हे ऐकायला न्यायाचं वाटतं. पण किती चाललो हे मोजायचं, तर कुठून कुठे गेलो हे यंत्राला कळणारच. दवाखाना, माहेर, कोर्ट, मोर्चा, देवदर्शन, सगळ्याचा माग राहू शकतो.

कुणी म्हणेल, आपण काही चोरी करतो का? मग लपवायचं कशाला? मैत्रिणींनो, आपण न्हाणीघराला दार लावतो ते चोरी करतो म्हणून नव्हे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं एकमतानं सांगितलं, की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. हा दावा पुट्टस्वामी नावाच्या निवृत्त न्यायमूर्तींनी लावला होता.

दुसरी बाजूही पाहू. माग काढता येणं कधी जीव वाचवतं. बस, टॅक्सी अशा प्रवासी वाहनांत ठावठिकाणा सांगणारं यंत्र आणि संकटकाळचं बटण बसवण्याचा नियम 2019 पासून आला, तो बायकांच्या सुरक्षेसाठीच. चोरीची गाडी शोधायला पोलिसांना टोलच्या नोंदींचा उपयोग होतो. म्हणून प्रश्न असा विचारायचा, की नोंद कुणी पाहायची, कशासाठी पाहायची आणि किती दिवस ठेवायची?

याची उत्तरं आधीच ठरवता येतात. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात 2015 पासून स्वेच्छेनं सहभागी होणाऱ्यांसाठी किलोमीटरसारखाच मैलांवर आकार घेण्याची योजना आहे. तिथे जागा सांगणारं यंत्र घ्यायचं, की फक्त अंतर मोजणारं, हे गाडीवाला ठरवतो. पैशांचा हिशोब आणि तक्रारी मिटल्यावर 30 दिवसांत जागेच्या नोंदी पुसून टाकायच्या, असं तिथला कायदा सांगतो. आपल्या घरचा विजेचा मीटर तरी काय करतो? युनिट किती जळले तेवढं सांगतो, कुठल्या खोलीत दिवा लावला ते सांगत नाही.

आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला. आपली माहिती कशासाठी वापरली हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यात आहे. पण सरकारला आपल्या काही यंत्रणांना त्यातून सूटही देता येते. म्हणून आपण जागं राहायला हवं.

आता आपल्या हातातल्या गोष्टी. गाडी तुमच्या नावावर असेल, तर फास्टॅगला कुणाचा नंबर जोडलाय ते आजच पाहा. तो बदलायचा असेल, तर फास्टॅग देणाऱ्या बँकेकडे अर्ज करा. गाडी विकलीत तर फास्टॅग आधी बंद करा. गाडी दारात उभी असताना पैसे कापले गेले, तर 1033 या महामार्ग हेल्पलाईनवर आणि बँकेकडे तक्रार नोंदवा. फास्टॅग बंद पडेल अशी भीती घालणाऱ्या मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका, ओटीपी सांगू नका.

आणि घरात त्रास असेल, तर घाईनं नंबर बदलू नका, त्यानं संशय वाढेल. एस.टी.नं जा, रोखीनं तिकीट काढा. महिलांसाठीची 181 ही हेल्पलाईन आहे.

पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत एक प्रश्न लिहा: आपल्या घरच्या गाडीचा मेसेज कुणाला येतो, आणि तो नंबर कुणी ठरवला? आमच्या बैठकीत सातपैकी एकीलाही याचं उत्तर ठाऊक नव्हतं.