छातीच्या फोटोतला पांढरा ठिपका

म्हाताऱ्या कुत्र्याला कोरडा खोकला लागतो, औषधानं जात नाही. एक्स-रे काढला तर छातीत गोल पांढरा ठिपका. घरात लगेच कॅन्सरचं नाव निघतं. ते खरंही ठरू शकतं, पण छातीवरच्या स्तनाग्राची सावलीसुद्धा हुबेहूब अशीच दिसते. शंका आली की डॉक्टर त्यावर बेरियमचं बोट टेकवून पुन्हा फोटो घेतात!

फोटो खरं तर तीन लागतात: दोन्ही कुशींवर एकेक आणि एक पाठीवर किंवा पोटावर. कुत्रा ज्या कुशीवर झोपतो त्या बाजूचं फुप्फुस दबतं, त्यातली हवा कमी होते. गाठ उठून दिसते ती भोवतीच्या हवेच्या काळेपणामुळे. हवाच नसली की पांढऱ्यात पांढरं मिसळतं. वरच्या बाजूचं फुप्फुस मात्र फुललेलं असतं. एकाच कुशीच्या फोटोवर भागवणं ही फार महागात पडणारी काटकसर आहे. तरीही काही मिलिमीटरच्या गाठी निसटतातच. त्या सीटी स्कॅनमध्ये सापडतात, पण त्यासाठी बहुधा भूल द्यावी लागते.

मग गाठी मोजायच्या. शरीरभरातलं अशुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत जातं, त्याबरोबर आलेल्या कॅन्सरच्या पेशी तिथं अडकून रुजतात. म्हणून बऱ्याच लहान गाठी दिसल्या की डॉक्टर मादीचे स्तन चाचपतात, तोंड उघडून पाहतात, हाडं तपासतात. फुप्फुसातच उगम पावलेला कॅन्सर कुत्र्यांत विरळा, सगळ्या गाठींच्या जेमतेम 1 टक्का. तो साधारण दहाव्या-अकराव्या वर्षी, बहुधा एकच मोठी गाठ होऊन येतो.

काही कुत्रे खोकतच नाहीत, लंगडतात. छातीतल्या गाठीमुळे पायांच्या हाडांवर नव्या हाडाचा थर चढतो, पाय सुजतात. मालक सांधेदुखी समजून तेल चोळत बसतो. गाठ काढल्यावर हे लंगडणं ओसरतं.

सुईनं पेशी काढून गाठीची जात बघता येते. गाठ एकच असेल तर फुप्फुसाचा तेवढा खंड काढतात. उजवीकडे चार, डावीकडे दोन खंड असल्यानं एक गेला तरी कुत्र्याचं निभतं. पुढचं आयुष्य बरंचसं श्वासनलिकेजवळच्या लसीका ग्रंथींवर ठरतं. त्या स्वच्छ असल्या तर अनेक कुत्रे वर्षभर किंवा त्याहून जास्त जगतात. रोग तिथं पोचला असला तर काही आठवडे, फार तर काही महिने. त्यामुळे ऑपरेशन ठरलं की गाठीबरोबर त्या ग्रंथीही तपासणीला पाठवणार का, हे सर्जनला आधीच विचारून ठेवावं.