सदुसष्टचा उन्हाळा

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या हेट-अ‍ॅशबरी या मोहल्ल्यात १९६७ च्या उन्हाळ्यात, घरदार आणि महाविद्यालय सोडून, केसांत फुले माळून अमेरिकेच्या कानाकोपऱ्यातले हजारो हिप्पी तरुण-तरुणी गोळा होत असताना, त्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्याच्या मूल तालुक्यात, सोमनाथच्या रानात, बाबा आमटे यांनी तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध काडीचाही नाही. तथापि आपल्या वडीलधाऱ्यांनी आखून दिलेले आयुष्य आपल्याला पुरे पडत नाही, ही जी एक अस्वस्थता त्या दशकात पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांतील तरुणांना एकाच वेळी जाणवू लागली, तिचे हे दोन आविष्कार होत, आणि त्यांपैकी एक जगभर गाजला व दुसरा विदर्भाबाहेरच्या पुष्कळांना ठाऊकही नाही, म्हणून दोहोंचा विचार एकत्र करण्याचे योजले आहे.

हिप्पी म्हणजे जटा, गांजा आणि आंघोळीचे वावडे, अशी समजूत आपल्याकडे फार लवकर रूढ झाली, आणि १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ या चित्रपटाने तिच्यावर मोहोर उठवली. आशा भोसले यांनी गायलेले ‘दम मारो दम’ हे गाणे तरुणांना नशेपासून परावृत्त करू पाहणाऱ्या कथेतले. पण लोकांनी गाणे तेवढे घरी नेले आणि उपदेश चित्रपटगृहातच सोडला. वस्तुतः या चळवळीच्या मुळाशी केवळ विलास नव्हता. महायुद्धोत्तर अमेरिकेत पैसा अमाप झाला होता, आणि त्या पैशाच्या राज्यात वाढलेल्या मुलाला अठराव्या वर्षानंतर व्हिएतनामच्या रणांगणावर धाडणारा सक्तीच्या लष्करभरतीचा हुकूम केव्हा हाती पडेल याचा नेम नव्हता. ज्या समाजाने सुबत्ता दिली त्यानेच मृत्यूचे फर्मान काढावे, या विसंगतीतून युद्धाविरुद्ध प्रेमाची भाषा आली, पौर्वात्य अध्यात्माची ओढ आली, आणि एलएसडीसारख्या मादक रसायनांनी चित्ताचे दरवाजे आयते उघडतील ही भोळी श्रद्धाही आली.

या सर्वांचे वाहन होते संगीत. १९६७ च्या जून महिन्यात माँटेरे येथे तीन दिवसांचा जो महोत्सव झाला त्यात, अखेरच्या दिवशी दुपारी, पंडित रविशंकर यांनी अल्लारखाँ यांच्या तबल्यासह सतार वाजवली, आणि त्याच रात्री जिमी हेंड्रिक्स याने आपली गिटार रंगमंचावर पेटवून दिली. वाद्याला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या परंपरेत वाढलेल्या रविशंकरांना हा प्रकार किती असह्य झाला असेल, हे निराळे सांगायला नको. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले त्या श्रोत्यांच्या नशेविषयी त्यांनी पुढे उघड नाराजी व्यक्त केली. १९६९ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉक महोत्सवात एका दुग्धव्यावसायिकाच्या कुरणावर सुमारे चार लाख माणसे पावसात आणि चिखलात गाणे ऐकत बसली, त्या वेळीही ते वाजवायला होतेच. (मोकळ्या मैदानात रात्रभर बसून गाणे ऐकण्याचे नवल पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या माणसाला कोणी सांगू नये, धान निघाल्यावर घोंगडे पांघरून पहाटेपर्यंत नाटक पाहणे हा इथला कुलाचार आहे.)

इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली, काठमांडू असा खुष्कीचा मार्ग आक्रमत हे प्रवासी हिवाळ्यात गोव्याच्या हणजूण किनाऱ्यावर उतरत. तो मार्ग आमच्या अरण्यापासून दूरच राहिला. पण बाबा आमटे यांनी कुष्ठरोग्यांसाठी वरोऱ्याजवळ उभारलेल्या आनंदवनाला परदेशी तरुणांचे दर्शन त्यापूर्वीच, आणि फार निराळ्या रूपात, घडले होते. पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे स्वयंसेवक देशोदेशींहून येऊन, कुष्ठरोग्यांच्या खांद्याला खांदा लावून, तेथे बांधकाम करत राहिले. ज्या वरोऱ्यात आनंदवनाची भाजी कोणी विकत घेत नसे, तेथल्या लोकांनी गोऱ्या पाहुण्यांना तीच भाजी खाताना पाहिले आणि बाजाराचा बहिष्कार सैल झाला, असे सांगतात. साहेबाने खाल्ल्यावर भाजी शुद्ध होते, हा आपल्या समाजाच्या बुद्धीचा काही मोठा गौरव नव्हे. पण त्यामुळे काम झाले खरे.

सोमनाथच्या छावणीची रीत साधी होती आणि आजही पुष्कळशी तीच आहे. पारा ज्या महिन्यात पंचेचाळीस अंशांपलीकडे सहज जातो त्या मे महिन्यात, शहरांतून आलेल्या मुलामुलींनी पहाटे उठावे, उन्हे चढण्यापूर्वी फावडी-घमेली घेऊन बांध घालावे, तळी खोदावी, दुपारी वाद घालावे, रात्री गावे. येथे गाणे श्रमाच्या पाठोपाठ येई. घामाने ज्याचा हक्क मिळवला आहे असा तो विसावा असे. काही दिवसांनी छावणी उठे आणि मुले परत जात, त्यांतील बहुसंख्य नोकरीधंद्याला लागत, यात संशय नाही. मात्र जी थोडी परतली नाहीत, किंवा परत जाऊन पुन्हा आली, त्यांच्यामुळे चंद्रपूर-गडचिरोली या जिल्ह्यांचा इतिहास वेगळा झाला. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे माडिया आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा बाबांचे पुत्र डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी आमटे यांच्यासोबत राहिलेले कार्यकर्ते याच वातावरणातले.

पश्चिमेचे तरुण ज्या सामूहिक जीवनाच्या शोधात सात देश तुडवत होते, ते या अरण्यात घोटुलाच्या, म्हणजे गावातल्या तरुणांच्या सामाईक घराच्या, रूपाने पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. ढोलाच्या ठेक्यावर हातात हात गुंफून रेला नाचणाऱ्या माडिया तरुणांना कोणी मुक्त म्हणेल. पण त्या नाचाला सणवार आहे, गावाची रीत आहे, आणि ती मोडणाऱ्याला पंचांसमोर उभे राहावे लागते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गावकऱ्यांनी सागवानाचा घोटुल उभारला. वनखात्याने तो पाडला. तेव्हा गावाने तो पुन्हा बांधलाच, शिवाय आसपासच्या गावांनीही आपापले घोटुल बांधून काढले. या गावाचे सोबती मोहन हिराबाई हिरालाल हे जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनातून आलेले. जातीची निशाणी असलेले आडनाव टाकून आई आणि वडील दोघांची नावे धारण करणारे. जयप्रकाशांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीत तिशीपलीकडच्यांना प्रवेश नव्हता, आणि अमेरिकेतील विद्यार्थीही तिशी ओलांडलेल्या कोणावर विश्वास ठेवू नका असे म्हणत होते, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटतो. पुढे २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. सरकारदरबारी खेटे घालण्याचे, कागद वाचण्याचे, गावसभेत एकमत होईपर्यंत बसून राहण्याचे ते फळ होते.

हिप्पींपाशी नेमकी ही चिकाटी नव्हती. १९६७ च्या ऑक्टोबरातच हेट-अ‍ॅशबरीत ‘हिप्पी’ची लटकी प्रेतयात्रा खुद्द रहिवाशांनी काढली. १९६९ च्या डिसेंबरात अल्टामाँटच्या जलशात, रंगमंचापुढेच, एका तरुणाचा भोसकून खून झाला. पुढल्याच वर्षी हेंड्रिक्स आणि गायिका जॅनिस जॉप्लिन सत्तावीस वर्षांच्या वयात, नशेच्या पायी, गेले. लष्करभरती १९७३ मध्ये थांबली आणि संतापाचे निकडीचे कारण संपले. १९७९ मध्ये इराणातील क्रांती आणि अफगाणिस्तानातील रशियन फौजा यांनी खुष्कीचा मार्ग बंद केला. संगीत तेवढे टिकले, कारण ते विकले जात होते. पण ते विकत घेणाऱ्याने घर सोडावे अशी आता कोणाची अपेक्षा उरली नाही. मला या ऱ्हासाचे मुख्य कारण नशेपेक्षाही उपजीविका वाटते. उद्याचे धान्य कोण पिकवणार, या प्रश्नाला फुले माळणाऱ्यांजवळ उत्तर नव्हते.

ज्यांनी ते शोधले त्यांची कथा मात्र वेगळी आहे. स्टीफन गॅस्किन या शिक्षकाच्या मागे बसगाड्यांचा तांडा घेऊन सॅन फ्रान्सिस्को सोडलेल्या हिप्पींनी १९७१ मध्ये टेनेसी राज्यात जमीन घेतली, नांगर धरला, सोयाबीन पिकवले, आणि ‘द फार्म’ ही वसाहत हजारावर माणसांपर्यंत वाढवली. कर्जाच्या ओझ्याखाली १९८३ मध्ये त्यांना समाईक तिजोरी मोडावी लागली, पुष्कळजण निघून गेले, तरी वसाहत उठली नाही. त्यांनी स्थापलेल्या ‘प्लेंटी’ या मदतसंस्थेला आणि गॅस्किन यांना १९८० मध्ये राइट लाइव्हलीहुड हा पुरस्कार, तो सुरू झाला त्याच वर्षी, मिळाला. आणि १९९१ मध्ये तोच पुरस्कार नर्मदा बचाव आंदोलनासाठी मेधा पाटकर आणि सोमनाथची छावणी भरवणारे बाबा आमटे यांना देण्यात आला.