बसतं ते जुळतंच असं नाही

अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात हार्बरव्ह्यू मेडिकल सेंटर आहे. ऑक्टोबर २०१५ ते जून २०१६ या काळात ई-सिगारेटच्या स्फोटाने जखमी झालेले १५ रुग्ण तिथे आले आणि डॉक्टरांनी त्यांची नोंद ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केली. वस्तू तोंडाशी धरायची, पण चेहऱ्याला इजा झालेले होते फक्त २० टक्के. निम्म्याहून अधिक जणांच्या जखमा मांडीला किंवा जांघेत होत्या. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या बातम्यांमधून अशा १९५ घटना गोळा केल्या. त्यातल्या ६१ घटनांत उपकरण किंवा त्याचा जास्तीचा सेल खिशात होता, तर प्रत्यक्ष वापरताना घडलेल्या घटना ६० होत्या.

खिशात नुसता पडलेला सेल का पेटावा, हे त्याच्या रचनेवरून कळतं. सुटे भाग जोडून वापरायच्या मोठ्या व्हेपिंग उपकरणांत बहुधा १८६५० हा लिथियम-आयन सेल असतो. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचं शून्य नळकांड्याच्या आकाराचं. या सेलचं धातूचं अख्खं नळकांडं, तळापासून वरच्या काठापर्यंत, ऋण टोक असतं. धन टोक म्हणजे वरची टोपी. काठ आणि टोपी यांच्यात अंतर असतं फक्त एका बारीक कड्याचं, आणि बाहेरून झाकायला प्लास्टिकचं पातळ वेष्टण. हे वेष्टण काठाशी फाटलेलं असेल तर खिशातलं एखादं नाणंसुद्धा दोन्ही टोकं जोडायला पुरतं. वेष्टण शाबूत असलं तरी किल्ल्यांचा जुडगा टोपीपासून तळापर्यंत पोहोचू शकतो. सेलचा आतला रोध एका ओहमच्या काही शतांशांइतकाच असतो, त्यामुळे असा शॉर्ट झाला की प्रवाह शंभर अँपिअरच्या घरात जाऊ शकतो.

मग सेल आतून तापायला लागतो. धन आणि ऋण पट्ट्यांना वेगळं ठेवणारा पॉलिथिनचा पडदा साधारण १३० अंश सेल्सिअसला वितळतो आणि पट्ट्या एकमेकींना भिडतात. तापमान आणखी चढलं की धन बाजूच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन सुटू लागतो. भोवती असतो ज्वालाग्राही सेंद्रिय द्रावक. इंधन आणि ऑक्सिजन दोन्ही आतच असल्यामुळे ही आग नुसती झाकून विझत नाही. वायू बाहेर पडायला सेलमध्ये झडप असते, पण उपकरणाच्या नळीला भोकंच नसतील तर दाब कोंडतो आणि नळी एका टोकाने रॉकेटसारखी सुटते.

आता सुट्या भागांकडे येऊ, कारण खरा धोका तिथे दडलेला आहे. द्रव भरायच्या बहुतेक टाक्या ‘५१०’ या एकाच मापाच्या आट्यांवर बसतात. कुठल्याही कंपनीची टाकी कुठल्याही कंपनीच्या उपकरणावर सहज फिरवता येते. ही सोय घातकही ठरते, कारण आटे जुळले म्हणून वीज जुळली असं होत नाही. ‘मेकॅनिकल मॉड’ प्रकारच्या उपकरणांत कुठलंही इलेक्ट्रॉनिक संरक्षण नसतं. त्यातल्या काही रचनांत टाकी थेट सेलच्या टोपीवर टेकते. टाकीची मधली पिन पुरेशी बाहेर आलेली नसेल तर ऋण जोडणीचे आटेच धन टोपीला लागतात आणि बटण दाबताक्षणी पूर्ण शॉर्ट होतो. फिरवताना काहीच अडखळत नाही. सगळं व्यवस्थित बसल्यासारखं वाटतं.

द्रव तापवणाऱ्या कॉइलचंही तसंच आहे, पण तिथे शाळेतला ओहमचा नियम मदतीला येतो. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. कॉइल ०.५ ओहमची असेल तर ८.४ अँपिअर, ०.२ ओहमची असेल तर २१ अँपिअर आणि ०.१ ओहमची असेल तर ४२ अँपिअर. सेल मात्र सगळे दिसतात सारखे. ३५०० मिलीअँपिअर-तास क्षमतेचे कित्येक सेल सलग आठ ते दहा अँपिअरच देऊ शकतात, तर २५०० च्या काही सेलना २० अँपिअर झेपतात. आकार तोच ठेवून साठा वाढवायचा तर पट्ट्यांवरचा लेप जाड करावा लागतो. जाड लेपातून आयनांना जास्त अंतर कापावं लागतं आणि उष्णता वाढते. म्हणून मोठा आकडा पाहून सेल घेणारा माणूस नेमका चुकीचा सेल घरी आणतो. या मापात ९९०० असं छापलेलं दिसलं तर तो आकडा सरळ खोटा समजावा.

चिप असलेल्या उपकरणात गणित बदलतं. ८० वॅट ठरवले की चिप तेवढे देतेच. सेल ४.२ व्होल्टवर असताना सुमारे १९ अँपिअर लागतात, ३.२ वर उतरल्यावर २५, आणि सर्किटमधला अपव्यय त्यावर वेगळा. उतरत आलेल्या सेलवर ताण कमी होत नाही, वाढतो. दोन सेल एकामागे एक जोडले असतील तर अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला आणखी खाली ओढतो. जोडी एकाच कंपनीची, एकाच वयाची, एकत्रच भरलेली आणि एकत्रच वापरलेली हवी, ती यासाठी.

आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर बंदी आहे, आणि निकोटिनचा विळखा पाहता ती मला योग्य वाटते. पण सेलवर बंदी नाही. टॉर्चमध्ये, पॉवर बँकेत, हौशी मुलांच्या प्रकल्पांत तोच १८६५० असतो. जुन्या लॅपटॉपचा पॅक फोडून सेल काढण्याची युक्ती अनेकांना माहीत असते. त्या पॅकचं संरक्षक सर्किट पॅकमध्येच राहतं आणि हातात येतो उघडा सेल. कित्येक महिने पडून त्याचा दाब दोन व्होल्टच्याही खाली गेला असेल तर आतलं तांबं विरघळायला लागलेलं असू शकतं. तो पुन्हा भरताना हेच तांबं भलत्या जागी जमून आतल्या आत शॉर्ट घडवतं. ‘मेलेला सेल जिवंत करा’ असं शिकवणारे व्हिडिओ हे सांगत नाहीत, आणि ते पाहणारी बरीचशी मुलं शाळकरी असतात, याची मला काळजी वाटते.

सुटा सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवावा. विमानप्रवासात तो केबिनमधल्या सामानात, टोकं झाकून न्यावा. नळकांड्याला पोचा पडला असेल किंवा वास येत असेल तर तो सेल वापरातून काढावा. वेष्टण नुसतं फाटलं असेल तर नवीन चढवता येतं. टाकून द्यायचा सेल घंटागाडीत देऊ नये, कारण कचरा दाबला जाताना तो चिरडून पेट घेऊ शकतो. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून तो ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावा. वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.