चेंबरचा जोड

मांजरसुंब्याहून केजकडे निघालं की नेकनूर लागतं. बालाघाटाच्या माळावरचं हे मोठं बाजारगाव. अशा गावच्या आठवडी बाजाराला माणूस येतो तो एका फेरीत चार कामं उरकायला: जनावर बघायचं, बियाणं घ्यायचं, आणि मोटारसायकलचं चेंबर, म्हणजे इंजिनाचं तेल धरणारं खालचं घर, गळत असेल तर तेही दाखवून यायचं. नांगराचा फाळ किंवा बैलगाडीचा लोखंडी आस जोडून देणारा गावोगाव होता. ॲल्युमिनियमच्या चेंबरचं तसं नव्हतं. हा धातू इंजिनाच्या रूपाने मराठवाड्यात आधी पोचला, आणि तो नीट जोडणारं यंत्र बाजारगावांच्या आवाक्यात यायला पुढची काही दशकं जावी लागली. मधल्या काळात ज्यांनी हे काम निभावलं, त्यांच्या कसबाबद्दल फारसं कुणी लिहिलेलं नाही.

1972 साली लूना आणि चेतक या दोन्ही गाड्या बाजारात आल्या. 1985 साली बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी औरंगाबादला बजाजसाठी ॲल्युमिनियमचे भाग ओतणारा एक छोटा उद्योग उभा राहिला. तोच आज एन्ड्युरन्स म्हणून ओळखला जातो. बीडच्या रस्त्यांवर फुटणारी कितीतरी चेंबरं दीडशे किलोमीटरच्या आतच ओतली गेली होती. ओतण्याचं शास्त्र वाळूजला आलं, जोडण्याचं मात्र गावाला स्वतःच शोधावं लागलं.

चेंबर फुटण्याची कारणं ठरलेली. खालून दगड लागतो. चेन तुटून गोळा होते आणि पुढच्या चक्राजवळची भिंत फोडते. ऑइल बदलताना ड्रेन बोल्ट नको इतका आवळला की आटे जातात. नवं चेंबर महाग, शिवाय ते बसवायला सगळं इंजिन उतरवायचं. मग पहिला इलाज एम-सीलचा. थोडे दिवस निभतं, पुन्हा तेल पाझरायला लागतं.

खरा जोड गॅसवर व्हायचा. कार्बाइडच्या टाकीतला ॲसिटिलीन, ऑक्सिजनचं नळकांडं, सिलिकॉन मिसळलेली ॲल्युमिनियमची सळई आणि फ्लक्सची पावडर. ऐकायला सोपं, पण हा धातू फसवतो. लोखंड तापलं की लाल होतं आणि कारागिराला सावध करतं. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही; दिसायला थंडच असतं आणि एकाएकी ढासळून खाली सांडतं. त्याच्या अंगावर हवेतच ऑक्साइडची साय धरते. शुद्ध धातू 660 अंशांना वितळतो, ही साय दोन हजारांच्याही पुढे. आत रस झाला तरी वर कातडी तशीच, आणि ती फोडल्याशिवाय दोन कडा एकमेकींत मिसळत नाहीत. फ्लक्सचं काम तेच. वर हा धातू उष्णता लोखंडाच्या तिप्पट वेगाने पळवतो, म्हणून सगळा भाग आधी तापवावा लागतो. किती तापवायचा? नुसत्या ॲसिटिलीनच्या ज्योतीने भागावर काजळी धरायची, मग ऑक्सिजन देऊन सावकाश शेकायचं. काजळी उडाली की हात चालू करायचा. तापमापक नसलेल्या दुकानात ही काजळीच तापमापक होती. ज्याने ही युक्ती हाताने आत्मसात केली, त्याला मी अर्धशिक्षित मिस्त्री म्हणणार नाही. तो धातुशास्त्रच जाणत होता.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे तेल. वर्षानुवर्षं इंजिन ऑइल प्यायलेलं ओतीव आतून तेलकट असतं. ज्योत लागली की ते भेगेतून वर येतं, त्यातला हायड्रोजन रसात शिरतो आणि रस गोठताना बुडबुडे मागे ठेवतो. जोड चाळणीसारखा होतो. म्हणून चांगला कारागीर निम्म्याहून जास्त वेळ धुण्यात, घासण्यात, भेग व्ही आकारात कोरण्यात घालवायचा. भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडायचा, म्हणजे ती पुढे धावत नाही. काम झाल्यावर भाग राखेत निवू द्यायचा आणि शेवटी गरम पाण्याने फ्लक्स धुऊन काढायचा. तो राहिला तर जोडच खातो. गिऱ्हाईक घाई करतं, पण इथे घाई केली की पैसे पाण्यात.

सगळी ओतीवं सारखीही नसतात. इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, बहुधा साच्यात सावकाश ओतलेलं असतं, ते जोड धरतं. दुचाकीचं चेंबर दाबाने ओतलेलं. त्यात हवा कोंडलेली असते आणि तापताच ती फुगून बाहेर पडते. हा फरक कारागिरांनी बुडबुड्यांवरून ओळखला.

गॅसची जागा पुढे आरगॉन वेल्डिंगने घेतली. ही पद्धत मुळात विमानांच्या कारखान्यातली. अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप कंपनीत रसेल मेरेडिथने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टंगस्टनचा इलेक्ट्रोड आणि हेलियम वापरून मॅग्नेशियम जोडलं. 1942 साली त्याचं पेटंट मिळालं. पुढे हेलियमच्या जागी स्वस्त आरगॉन आला. एसी करंटवर अर्धी लाट ऑक्साइड फोडते, अर्धी धातू वितळवते. फ्लक्स लागतच नाही. पण जुनी यंत्रं जड, वीज पिणारी, आणि 2005 नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्र रोज कित्येक तास भारनियमनाखाली. उचलून नेता येणारी इन्व्हर्टर वेल्डिंग यंत्रं आली, स्वस्त झाली, तेव्हा कुठे आरगॉन तालुक्याच्या आणि बाजारगावाच्या रस्त्यावर आला. जोड नितळ झाला, गॅसवेल्डरची काजळी आणि राख मागे पडली.

तरी यंत्राने सगळं सोडवलेलं नाही. बेअरिंगची बैठक तापली की गोल राहत नाही. उष्णोपचार केलेलं हेड वेल्डिंगजवळ मऊ पडतं. व्हॉल्व्हच्या दोन सीटांमधली भेग बुजवली, तरी लेथवर फेसिंग आणि पाण्याच्या दाबाची तपासणी केल्याशिवाय ते हेड गाडीला चढवू नये. असं हेड जोडायला नकार देणारा कारागीर गिऱ्हाइकाचं भलंच करतो.

आयटीआयचा वेल्डर अभ्यासक्रम एका वर्षाचा. त्यात मुलगा ॲल्युमिनियमवर हात बसवतो तो कोऱ्या, स्वच्छ पट्टीवर. दुकानात त्याच्यापुढे येतं ते तेलाने माखलेलं, दोनदा एम-सील लावलेलं, आधीच्या कुणीतरी अर्धवट भरलेलं चेंबर. गाड्याही बदलल्या: 2020 पासून चेतक विजेवर धावते. चेंबर गेलं तरी मोटरचं घर ॲल्युमिनियमचंच असतं आणि दगड त्यालाही लागणार. नेकनूर-केजच्या पट्ट्यात ज्यांनी गॅसवर हा धातू हाताळला, ते आता वयाने थकलेत. जिल्ह्यातल्या आयटीआयने त्यांना वर्गात बोलवावं, भंगारातली फुटकी ओतीवं मुलांपुढे ठेवावीत आणि ते काय बघून हो म्हणतात, काय बघून नाही म्हणतात, हे मुलांकडून उतरवून घ्यावं. हे काम येत्या वर्षा-दोन वर्षांतच व्हायला हवं.